हाना, आबा आणि दारावरचं स्वस्तिक

देवळाली प्रवरा
११ जानेवारी १९७०

चि. गोरखला अक्काचे आशीर्वाद.

पार्सल परत आलं. आसाराम पोस्टमन म्हणाला, "अक्का, पत्ता चुकला जनू." मी म्हटलं, असेल. पत्ता बरोबर होता हे मला ठाऊक आहे, दोनदा तपासून मीच लिहिला होता.

आईने लीनासाठी शिवलेली कुंची घडी घालून जशीच्या तशी आत होती. वर तुझी चिठ्ठी. "अशी वस्तू पुन्हा पाठवू नका. हानाला त्रास होतो." बस. बाकी ना खुशाली, ना पोरीला दात आले की नाही याची बातमी.

अरे, कुंचीत त्रास होण्यासारखं काय आहे? खणाचं कापड आहे आणि पाठीवर लाल रेशमाने भरलेलं स्वस्तिक आहे. तुझ्या कुंचीवर होतं, माझ्याही कुंचीवर होतं. आई डोळ्यांना चष्मा लावून दसऱ्यापासून ते भरत होती. पहिली नात, तीही सातासमुद्रापार जन्मलेली. हातात घेता येत नाही, तर निदान आपण शिवलेलं तिच्या अंगाला लागावं, एवढंच तिच्या मनात.

आई बरी आहे. काळजी करू नकोस. आबा काही बोलले नाहीत. तू न विचारता लग्न केलंस तेव्हासुद्धा ते चार दिवसांनी बोलले होते, हे तुला आठवत असेल. या वेळी जास्त दिवस लागतील असं दिसतं.

नक्की काय झालं ते मला सविस्तर लिही. मी काही परकी नाही. नवरा गेल्यावर याच घरात परत आले आणि याच घरातून रोज शाळेत जाते. तुझ्या चिठ्ठीनंतर घरात जे वातावरण आहे, त्यात राहायचं मला आहे, तुला नाही.

तुझी अक्का


देवळाली प्रवरा
२ मार्च १९७०

गोरख,

तुझं पत्र मिळालं. संध्याकाळी आई-आबांना समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. काही गाळलं नाही.

हानाचे वडील ज्यू होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. लढाईच्या वेळी ती सहा वर्षांची. दारावर थाप पडली आणि दार तिनेच उघडलं. दोन माणसं, दोघांच्या बाहीवर ती खूण, पोरीच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी. ते वडिलांना घेऊन गेले आणि वडील परत आले नाहीत. एवढं वाचलं आणि आई मध्येच म्हणाली, "थांब जरा." उठून आत गेली, पाणी पिऊन आली, मग म्हणाली, "वाच."

शाळा उघडते त्या दिवशी मी स्वतः फळ्यावर स्वस्तिक काढून मग तारीख घालते. हिटलरचं नाव पुस्तकात शिकवते. त्याच्या झेंड्याचं चित्रही त्या पुस्तकात आहे. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. झेंड्यावरचं ते म्हणजे कुणी लांबच्यांचं काहीतरी, आणि आपलं ते आपलं.

आबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "पोरीवर वाईट वेळ आली. लई वाईट. पन त्यात आमच्या स्वस्तिकाचा काय गुन्हा? आमी का कुनाला न्ह्यायला गेल्तो?"

आणि मग तुझं ते शेवटचं वाक्य वाचायची पाळी आली. "दारावरचं स्वस्तिक काढल्याशिवाय आम्ही त्या घरी येणार नाही." गोरख, वस्तीवरचं हे घर उसाच्या पहिल्या पैशातून उभं राहिलं तेव्हा दारावर सिमेंटमध्ये ते स्वस्तिक आबांनी गवंड्याकडून स्वतः उभं राहून करून घेतलं. दर दिवाळीला त्याला लाल रंग देतात. तुला हे ठाऊक असून तू अट घातलीस.

आबा म्हणाले, "मग येऊ नगं म्हनावं." मी विचारलं, हे लिहू का? म्हणाले, "लिही."

लिहिलं.

पण हेही लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धार काढून आले आणि मला विचारलं, "त्या पोरीच्या बापाचं नाव काय हुतं?" तू पत्रात नाव लिहिलेलं नाहीस. कळव.

अक्का


देवळाली प्रवरा
२८ एप्रिल १९७०

गोरख,

तुझं उत्तर नाही. तू रागावलास तरी मी लिहिणारच. पोरांना छडी मारून झाल्यावर त्यांचीच पाटी दुरुस्त करायची सवय आहे मला.

आबा भिंगारला जाऊन आले. बाबाजान शिंप्याकडे. तुला तो आठवत नसेल. लढाईच्या काळात नगरच्या छावणीत सरकारने जर्मन लोक पकडून ठेवले होते, तिथे आबा कंत्राटदाराच्या गाडीवरून भाजी पोचवायचे आणि बाबाजान दुकानातलं मशीन घेऊन आत कपडे शिवायला जायचा. तेव्हापासूनची दोस्ती. आबांच्या मनात एवढंच होतं की जर्मन माणसं याने जवळून पाहिलीत, याला विचारावं.

आबांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

बाबाजान म्हणाला, "गहिनीनाथ, तुला वाटलं आत सगळे एकच. तसं न्हवतं. एक हिटलरला मानणारे आन् दुसरे त्याच्या भीतीनं पळून आलेले. इंग्रजाला दोगं बी जर्मनच. दिलं एकाच तारंच्या आत कोंडून. एकमेकांसंगं जेवत बी न्हवते."

त्या पळून आलेल्यांत एक म्हातारा डॉक्टर होता. कोटाचं अस्तर उसवलं म्हणून बाबाजानकडे आला. दसरा नुकताच झालेला. बाबाजानच्या दुकानाचा मालक हिंदू, त्याने खंडेनवमीला सगळ्या मशिनींवर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं, याच्याही. डॉक्टरने मशीन पाहिलं आणि कोट तिथेच टाकून निघून गेला.

दोन-तीन दिवसांनी परत आला. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "हे तू का काढलंस?" बाबाजान म्हणाला, "मी न्हाई, मालकानं. धंद्यात बरकत यावी, सुई मोडू नये, म्हनून." डॉक्टरने पुन्हा मशीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या गावात आम्हा ज्यूंचं दुकान फोडायच्या आधी दारावर हे काढतात."

आबा सांगताना इथे थांबले. मी विचारलं, मग बाबाजानने काय केलं?

"काय करनार? मशीनवरचं पुसलं न्हाई. मालकाचं हुतं. पन त्यावर कापड टाकलं आन् मग त्येचा कोट शिवला. रोज डॉक्टर आला की कापड टाकायचा, गेला की काढायचा. पुढं डॉक्टरला सोडून दिलं. जायच्या दिवशी त्यानं आपल्या हातानं कापड उचललं, बघितलं आन् पुन्ना झाकलं. बाबाजानच्या हातात हात दिला आन् गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची तयारी करत होते तर बाहेर शिडी लावल्याचा आवाज आला. आबा दाराशी शिडीवर, हातात छिन्नी आणि हातोडा. मी काही म्हणायच्या आत आई धावत आली.

"उतरा खाली."

"अगं, पोरगी येनार न्हाई त्याबिगर."

"उतरा म्हनते ना! चोरानं घागर पळवली म्हनून हीर बुजवायची व्हय? माझ्या सासूनं काढलं, तिच्या सासूनं काढलं. ह्येच्या पाया पडून मी सासरी आले. ते कोन कुठले मुडदे, त्यांनी नासवलं म्हनून मी टाकू?"

"मग नातीला कवा बघायची?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी शिडी धरली. आबा उतरले, शिडी गोठ्यात ठेवली, आणि मला शाळेला उशीर झाला.

म्हणून आता तुला सांगते. इथे कुणी हट्टाने बसलेलं नाही. दोन म्हातारी माणसं दाराकडे बघत बसली आहेत आणि काय करावं ते त्यांना कळत नाही. तू अट मागे घे किंवा घेऊ नकोस, पण हे समजून घे.

अक्का


देवळाली प्रवरा
१९ ऑगस्ट १९७०

गोरख,

तुझं नाही, पण हानाचं पत्र आलं. इंग्रजीत, मोठ्या सरळ अक्षरात. तू रजा घ्यायला तयार नाहीस आणि ती येते म्हणाली तर चिडलास, असं तिने लिहिलं आहे. माझी एप्रिलची हकिगत तिने तुझ्याकडून शब्द न् शब्द वाचून घेतली म्हणे. बरं झालं. भांडण तुझं आणि आबांचं, त्यात तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तिच्या पत्रातलं थोडं मराठी करून लिहिते, म्हणजे तुझ्याही लक्षात राहील.

"ती अट माझी नव्हती, गोरखची होती. माझ्यासाठी कुणी दारावरून काही पुसू नये. ते दार बघून मला काय होईल, मला माहीत नाही. कदाचित मी तिथूनच परत फिरेन. पण माझ्या मुलीचा एक आजोबा त्या लोकांनी नेला. दुसरा जिवंत आहे आणि तोही तिला मिळू नये, हे मला चालणार नाही."

हे वाचल्यावर आबा उठून उगाचच बैलांना वैरण टाकायला गेले. त्यांना नुकतीच टाकलेली होती.

ती सप्टेंबरच्या मध्यावर येते आहे, शाळेत शिकवते, तिथून तेव्हाच रजा मिळाली. शेजारच्या बनुबाई लगेच म्हणाल्या, "अगं बाई, ऐन पित्रांच्या पंधरवड्यात सून घरात घ्यायची? लोकं काय म्हनतील?" आई शांतपणे म्हणाली, "बरंच हाय की. पित्रांत दारात रांगोळी नसती, कुंकू नसतं. उंबरा तेवढा तरी मोकळा."

दारावरचं आहे तिथेच आहे. आबांनी त्याला हात लावलेला नाही. पण येत्या दिवाळीला रंगाचा डबा आणायचा नाही म्हणतात.

अक्का


देवळाली प्रवरा
२२ सप्टेंबर १९७०

गोरख,

पोचली. दोघीही सुखरूप. तार मिळाली असेलच, आता सगळं सांगते.

मी मुंबईला जाऊन तिला विमानतळावरून घेतलं. उंच, केसांत थोडं पांढरं, कडेवर लीना. मला पाहून "अक्का?" म्हणाली आणि एकदम पाया पडायला वाकली. तू शिकवलंस का रे? लीनासकट धडपडली असती. मी तिला वरच्यावर धरलं. बसमध्ये माझं इंग्रजी आणि तिचं मराठी यांची नगरपर्यंत कुस्ती चालली होती. मग दोघी थकून झोपलो.

स्टँडवर आबा बैलगाडी घेऊन उभे. नवं धोतर, कोरा पटका. लीनाने त्यांच्या मिशा बघून भोकाड पसरलं. ते म्हणाले, "रडू दे. घरचं मानूस वळखायला येळ लागतो."

गाडी वस्तीवर आली. हाना उतरली, चार पावलं चालली आणि थांबली. दार समोर, वर ते लाल, मोठं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिचा श्वास ऐकू येत होता. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी. कुणी हलेना.

हाना हळूच म्हणाली, "अक्का, मला नाही जमत आहे. सॉरी."

मी आबांना सांगितलं. मला वाटलं आता यांचा चेहरा पडेल. आबांनी पटका काढून हातात घेतला, गोठ्यात गेले आणि मोठी बाज ओढत आणली. अंगणात लिंबाखाली टाकली. दाराकडे पाठ होईल अशी. मग आईला म्हणाले, "ताटं भाईर आन. जवर तिला आत यावं वाटत न्हाई तवर आपुन समदेच भाईर जेवू."

आणि जेवलो. पिठलं-भाकरी, ठेचा. हानाने ठेचा बोटभर घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते ठेच्याचं की कशाचं, कुणी विचारलं नाही. आबांनी तिच्यासमोर ताक ठेवलं. निजायची सोय बनुबाईंच्या पडवीत केली, मी सोबतीला. लोक काय म्हणतील म्हणणाऱ्या बनुबाईंनीच आपल्या अंथरुणातली चांगली वाकळ तिला दिली.

दुसऱ्या दिवशी हेच. आबांनी दाढीसुद्धा अंगणात केली. वस्तीवरची माणसं बघायला यायची, त्यांना सांगायचे, "हवा चांगली सुटलीय, म्हनून भाईर बसलोय."

आईची वेगळीच अडचण. "अगं, तिचं नाव हाना. मानसाला 'हाना, हाना' म्हनून हाक मारली तर रस्त्यावरचं लोक काठ्या घिऊन येतील." मी हानाला याचा अर्थ सांगितला तर पोट धरून हसली. आता आई तिला अनू म्हणते आणि ती ओ देते.

काल सकाळी मी शाळेला निघत होते. लीना अंगणात रांगत होती. कोंबडीची पिल्लं उंबऱ्याशी दाणे टिपत होती, त्यातलं एक आत पळालं आणि त्याच्या मागोमाग तुझी लेक. हात उंबऱ्यावर टेकले, पोट वर ओढलं, आणि धप्पकन आत. हाना बादलीत फडकी धूत होती. ओल्या हातांनी धावली, दारातून सरळ आत. पोरीला उचलून छातीशी धरली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण कुठे उभ्या आहोत.

आई चुलीपाशी होती. वर न बघता म्हणाली, "आलीच हाईस तर दुधावर नजर ठिव. मी सरपन आनते."

हाना दुधापाशी बसली. दूध उतू गेलं नाही.

दुपारी परत अंगणातच आली. आत-बाहेर चाललं आहे. दाराखालून जाताना मान खाली घालते, भरभर जाते. पण जाते.

अक्का


देवळाली प्रवरा
२ ऑक्टोबर १९७०

प्रिय गोरख,

परवा सर्वपित्री झाली. आपल्याकडचा म्हाळ त्याच दिवशी असतो. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं रीतसर. हानाने गवार मोडून दिली.

आबा पाटावर बसले. आपल्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घेऊन पाणी सोडलं. मग थांबले आणि मला म्हणाले, "तिला इचार, बापाचं नाव सांगती का."

तू पत्रात कधी कळवलं नाहीस ना. मी विचारलं. हाना पदर सावरत उभी होती (आईने लुगडं नेसवलं होतं, सारखं सुटत होतं). तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाली, "याकोब."

आई म्हणाली, "याकूब व्हय? बाबाजानच्या थोरल्या भावाचं नाव की हे."

आबांनी तळहातावर पाणी घेतलं आणि मोठ्याने म्हटलं, "याकोब. आमच्या अनूचा बाप. लांबून आला असंल. जेवून जा म्हनावं." आणि पाणी सोडलं.

हाना तिथेच जमिनीवर बसली. रडली, पण आवाज न करता. आई शेजारी टेकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. नंतर हाना मला म्हणाली की बापाला पुरलं कुठे हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि घरात तिच्या आईला सोसत नाही म्हणून त्यांचं नाव कुणी काढत नाही. इतक्या वर्षांत एखाद्या पुरुषमाणसाने ते मोठ्याने, जेवायला बोलावल्यासारखं उच्चारलेलं तिने पहिल्यांदा ऐकलं.

आणि काल घट बसले. पित्रं संपली, म्हणजे दारात परत रांगोळी आली. आईने सडा घातला, रांगोळीची वाटी घेतली आणि दारातच हानाला विचारलं, "काढू का गं?"

मी मध्ये भाषांतर करायला निघाले, पण हानाला समजलं होतं. ती उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "काढा. मी बघते."

आई काढत होती आणि ही उंबऱ्याशेजारी बसून बघत होती. मला म्हणाली, "त्यांचं काळं असायचं, आणि कलंडलेलं. आणि ते सगळीकडे एकसारखं छापलेलं. तुझ्या आईचं बघ, एक हात लांब झाला आहे." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "माझी नजर गेली, दुसरं काय!" आणि तो हात नीट करायला लागली तर हाना म्हणाली, "नको, नको, राहू दे तसंच."

मग तिने खरं ते सांगितलं, मी जसंच्या तसं लिहिते. "मला अजून भीती वाटते. आवडत नाही. आवडेल असं वचनही देत नाही. पण तुमचं मला आता त्यांचं वाटत नाही."

आई म्हणाली, "वाटू दे की भ्या. भ्या काय एका पंधरवड्यात जातं व्हय? आमी कुठं घाई केलीय."

संध्याकाळी आबांनी बाज आत नेली.

आता मुख्य मुद्दा. तिची रजा संपत आली आहे, पण तिने शाळेला तार केली की दिवाळी होईपर्यंत राहते. तिला पणत्या बघायच्या आहेत. परतीचं कसं करायचं म्हणून मी आबांना विचारलं, हिला मुंबईला पोचवायला कोण जाणार, मी की आपला गडी पुंजाराम?

आबा लीनाला गुडघ्यावर नाचवत होते. आता ती मिशा ओढते. म्हणाले, "कुनी न्हाई जायचं. अनू आपली लेक हाय. लेक म्हायेरी आली की तिला न्ह्यायला जावयानं यायचं असतं. रीत हाय ती. गोरखला लिही, जावई म्हनून यायचं असंल तर पायघड्या घालू, आन् ल्योक म्हनून यायचं असंल तर दोन शिव्या बी खाव्या लागतील. काय ते ठरव म्हनावं."

तर काय ते ठरव.

तुझी अक्का